फुटलं, मोडलं, तुटलं, फाटलं

माझ्या जपानीच्या पहिल्या वहीत एक पान आहे. डाव्या रकान्यात सहा क्रियापदं: वारेरु, ओरेरु, किरेरु, याबुरेरु, कोवारेरु, कुझुरेरु. उजव्या रकान्यात पहिल्या ओळीवर नीट अक्षरात 'ब्रेक', आणि खालच्या पाचही ओळींवर 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन-दोन छोट्या रेघा. ते पान लिहिताना मला काहीच खटकलं नव्हतं. उलट एका फटक्यात सहा शब्द मार्गी लागले म्हणून बरंच वाटलं होतं.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. जपानहून इंजिनियर येतात, दोन-तीन वर्षं राहतात, जातात. त्यांच्याशी थोडं तरी त्यांच्या भाषेत बोलता यावं म्हणून २०२२च्या जूनमध्ये सदाशिव पेठेतल्या एका क्लासला नाव घातलं. पुण्यात जपानी शिकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आमच्या वर्गात कॉलेजची पोरं होती, माझ्यासारखे नोकरदार होते, आणि निवृत्तीनंतर डोकं चालू ठेवायला आलेले एक काकाही होते. सगळ्यांचं लक्ष जेएलपीटीवर, म्हणजे जपानी भाषेच्या पात्रता परीक्षेवर. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड. तिच्यात बोलायचं नसतं, निबंध लिहायचा नसतो, दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं. त्यामुळे वहीतल्या त्या रेघांवर माझं एन५ आरामात निभावलं.

कारखान्यात कोणी पर्याय देत नाही.

एका रात्रपाळीत तीन नंबरच्या मशीनचा सेन्सर गेला. सकाळी मी मोठ्या हौसेने अहवालात एक ओळ जपानीत लिहिली: सेन्सा ओ कोवाशिमाशिता. कोशात 'ब्रेक'खाली पहिलं क्रियापद कोवासु होतं, तेच भूतकाळात घातलं. दुपारी जपानी साहेबांचं उत्तर आलं. कोणी? कशाने? आणि सोबत नाझे-नाझेचा तक्ता. नाझे म्हणजे 'का'. एखादी गोष्ट बिघडली की पाच वेळा 'का' विचारत मुळापर्यंत जायचं, अशी ती पद्धत. तक्त्याच्या पहिल्या चौकोनात त्यांनी माझंच वाक्य उतरवलं होतं. त्याचा अर्थ होता: आम्ही सेन्सर मोडला.

सेन्सर आपोआप गेला होता. मी लिहून बसलो होतो की आम्ही हाताने वाट लावली.

शनिवारी हे सेन्सेइंना सांगितलं. आमच्या सेन्सेइ, म्हणजे बाई, पुण्याच्याच, साठीच्या आसपासच्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वही दाखव." ते पान उघडलं आणि उजव्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"अर्थ."

"कुणाच्या भाषेतला? घरी हातातून कप पडला तर तुझी आई काय म्हणते?"

"फुटला म्हणते."

"पेन्सिल?"

"मोडली."

"सुतळी?"

"तुटली."

"हा कागद?" असं म्हणत त्यांनी वहीच्या मागच्या कोऱ्या पानाचा कोपरा खरोखरच टर्रकन फाडला.

"फाटला."

"पावसात मातीची भिंत?"

"ढासळली."

"मग पाच शब्द घरात पडलेले असताना हा एक उसना कशाला आणलास?"

मी तिथेच बसून रकाना खोडला. वारेरु म्हणजे फुटणं: काच, बशी, अंडं. ओरेरु म्हणजे मोडणं: काठी, फांदी, हाड. किरेरु म्हणजे तुटणं: दोरा, वायर. याबुरेरु फाटणं, कुझुरेरु ढासळणं. कोवारेरु म्हणजे यंत्र, खेळणं, कुलूप अशी चालणारी किंवा उपयोगाची वस्तू निकामी होणं. आपण बिघडणं म्हणतो त्याच्या शेजारचं. अहवालात मात्र 'कोशोउ शिमाशिता', म्हणजे बिघाड झाला, असं लिहावं, हेही सेन्सेइंनी जाता जाता सांगितलं. इतके दिवस मी मराठीतून इंग्रजीत उतरून पुन्हा जपानीत चढत होतो, आणि मधल्या त्या उतारावर सहाच्या सहा शब्द सांडून येत होतो.

जोड्याही तशाच निघाल्या. आपल्याकडे फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, फाटणं-फाडणं. त्यांच्याकडे वारेरु-वारु, किरेरु-किरु, याबुरेरु-याबुरु. एक आपोआप होणारं, एक कोणीतरी करणारं. इंग्रजी 'ब्रेक' दोन्हीकडे तेच. माझा घोळ तिथेच झाला होता: कोवारेरुच्या जागी कोवासु. मराठीत 'सेन्सर बिघडला' आणि 'सेन्सर बिघडवला' यांत गोंधळ मी झोपेतसुद्धा केला नसता. (आपलं 'मोडणं' तेवढं दोन्ही बाजूंनी खेळतं. काठी मोडली म्हणजे आपोआप की मुद्दाम, ते पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही.)

त्या रात्री स्वयंपाकघरात मी प्रयोगच मांडला. अंडं फोडलं: तामागो ओ वारु, जुळलं. नारळ फोडला: वारु. लाकूडसुद्धा फोडतात, आणि जपानीत सरपणाच्या ओंडक्याला क्रियापद वारुच. जोडलेल्या लाकडी काड्या ओढून वेगळ्या करायच्या त्या वारिबाशि, आणि शाळेतला भागाकार वारिझान. तेव्हा कळलं की वारु म्हणजे नुसतं फुटणं नाही, एकाचे भाग करणं आहे. मग पापड घेतला. आपण पापड मोडतो. म्हणजे ओरु? क्लासच्या ग्रुपवर विचारलं तर सेन्सेइंचं उत्तर आलं: वारु. तांदळाचा कुरकुरीत सेन्बेइ असतो, त्यालाही वारुच. ओरुमध्ये लांबट वस्तू वाकून मोडायला हवी, आणि वाकली पण तुटली नाही तरी चालतं. कागदाला घडी घालायची तरी ओरु, म्हणून तर ओरिगामि. मी वहीत 'मोडणं'च्या पुढे लिहिलं: पापड सोडून.

आजी हा सगळा प्रकार बघत होती. नारळाच्या वेळी तिने मध्येच टोकलं, "फोडला काय म्हणतोस? देवाच्या नारळाला वाढवला म्हणावं." बांगडीचंही तसंच. ती फुटत नाही, वाढवते. हे मी सेन्सेइंना सांगितलं आणि त्या दिवशीचा अर्धा तास त्यातच गेला. जपानमध्ये समारंभात साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, लाकडी पिंपाचं झाकण हातोड्याने फोडतात. नववर्षाला देवापुढे ठेवलेली तांदळाची घट्ट मोची बऱ्याच भागांत ११ जानेवारीला फोडून खातात. दोन्हीला नाव एकच, कागामिबिराकि. बिराकि हे हिराकु या क्रियापदाचं रूप, म्हणजे उघडणं. वारु म्हणायचं नाही, किरु तर नाहीच. लग्नात केक कापला असंही म्हणत नाहीत, सुरी केकमध्ये 'प्रवेश करते'. समारंभ संपत नाही, तोही 'उघडतो'. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "शहाणी माणसं दिसतात." त्यानंतर माझ्या जपानी शिकण्याला घरातून कोणी नावं ठेवली नाहीत.

इतकं जुळल्यावर माणसाला चढतं. मलाही चढलं.

महिन्याभरात कॅन्टीनमध्ये जपानी साहेबांसमोर माझ्या हातून ग्लास पडला. मी झटकन, व्याकरणात तसूभरही चूक न करता म्हणालो, "कोप्पु गा वारेमाशिता." ग्लास फुटला. फुटणं म्हणजे वारेरु, बरोबरच की. साहेबांनी 'लागलं नाही ना' म्हणून विचारलं, पण आधी एक क्षण माझ्याकडे जसं पाहिलं ते माझ्या लक्षात राहिलं. सेन्सेइंनी त्याचा उलगडा केला. ग्लास तुझ्या हातून पडला आणि तू म्हणालास तो फुटला. जणू टेबलावर बसल्या बसल्या त्याला फुटावंसं वाटलं. अशा वेळी जपानी माणूस कर्ता स्वतःकडे घेतो: वात्ते शिमाइमाशिता.

मराठीत आपण 'माझ्या हातून फुटला' म्हणतो. क्रियापद आपोआप होणारं, आणि दोष 'हातून'मध्ये गुंडाळलेला. अर्धी कबुली, अर्धी सुटका. ही सोय मला फार आवडते, पण ती जशीच्या तशी जपानीत नेता येत नाही. 'शिमाउ'चं मराठी मात्र मला लगेच सापडलं, आणि ते सापडल्याचा आनंद ग्लासाच्या लाजेपेक्षा मोठा होता. वात्ते शिमाइमाशिता म्हणजे फोडून बसलो. वासुरेते शिमाइमाशिता म्हणजे विसरून गेलो. ताबेते शिमाइमाशिता म्हणजे खाऊन टाकलं. बसणं, जाणं, टाकणं ही आपली जोड-क्रियापदं, घडून गेलेल्या आणि आता परत न फिरणाऱ्या गोष्टीच्या शेपटीला लागणारी. इंग्रजी पुस्तकात शिमाउसाठी अडीच ओळींचं स्पष्टीकरण होतं. माझ्या वहीत दोन शब्द पुरले.

मग मी वही मागून पुढे सगळीच खोडत सुटलो. कपड्यांचं पान आधी धरलं. 'वेअर'खाली किरु, हाकु, काबुरु, काकेरु, हामेरु, शिमेरु अशी रांग होती आणि समोर पुन्हा रेघा. ज्या घरात 'साडी घातली' म्हटलं की आजी 'नेसली म्हण' असं दटावते, तिथे वाढलेल्या माणसाने या रांगेला घाबरायचं कारण नव्हतं. साडी नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, कुंकू लावतात. फरक इतकाच की आपण कृती बघतो, ते अंगाचा भाग बघतात. कमरेच्या वर किंवा सगळ्या अंगावर चढवायचं ते किरु (तोडण्याचं किरु निराळं), पायांतून वर घ्यायचं ते हाकु, मग ती पँट असो, मोजे असोत की बूट. डोक्यावर घ्यायचं ते काबुरु. साडीला ते किरु म्हणतात, कारण ती अंगभर असते. नेसण्यातल्या निऱ्यांशी त्यांना कर्तव्य नाही.

इंग्रजी 'नो'चं (know) पान तर दोन मिनिटांत सुटलं. शित्ते इरु म्हणजे माहीत असणं, वाकारु म्हणजे कळणं. आणि वाकारुची रचना थेट आपली: मला जपानी कळतं, मला पोहता येतं, मला डोंगर दिसतो. या सगळ्यांत मराठीत 'मी' कर्ता होत नाही, 'मला' होतं. जपानीतही वाकारु, देकिरु, मिएरु यांच्याबरोबर कळणारी, येणारी, दिसणारी वस्तू 'गा' हा कर्त्याचा प्रत्यय घेऊन पुढे बसते. माझ्या शेजारी बसणारा इंग्रजी माध्यमातला मुलगा तिथे दर वेळी 'ओ', म्हणजे कर्माचा प्रत्यय, लावायचा. मी कधीच लावला नाही. ओमोउ म्हणजे वाटणं आणि कांगाएरु म्हणजे विचार करणं, हेही आपल्याला शिकवावं लागत नाही. 'थिंक' शिकलेल्याला लागतं.

एका ठिकाणी मात्र इथेही ठेच लागली. साहेबांनी विचारलं होतं, तो भाग कधी येणार? मला ठाऊक नव्हतं, म्हणून 'शिरिमासेन' म्हणालो. शब्दशः बरोबर. ऐकणाऱ्याला मात्र ते 'मला काय ठाऊक' असं लागतं, म्हणजे माझा त्याच्याशी संबंध नाही. जे आपल्याला ठाऊक असणं अपेक्षित आहे तिथे 'वाकारिमासेन' म्हणायचं. मराठीत हा फरक आपण 'माहीत नाही' आणि 'काय माहीत' यांतल्या सुरावर भागवतो, त्यांनी त्यासाठी वेगळं क्रियापद ठेवलंय.

आता मराठी जिथे तोंडावर पाडते त्या जागा. 'पाडते' हा शब्द मुद्दाम वापरला.

आपल्याकडे सगळंच पडतं. पाऊस पडतो, भिंत पडते, मूल पडतं, फांदीवरून आंबा पडतो, ऊन पडतं, भाव पडतात, प्रश्न पडतो. जपानीत पाऊस फुरु, उभी वस्तू आडवी झाली की ताओरेरु, चालताना अडखळून पडलं की कोरोबु, उंचावरून खाली आलं की ओचिरु, आणि फुलांच्या पाकळ्या गळल्या की चिरु. इथे मराठी आणि इंग्रजी दोघी एकाच बाजूला उभ्या. २०२३च्या नोव्हेंबरअखेर, एन४च्या परीक्षेला आठवडा उरलेला असताना, लक्ष्मी रोडवर माझी गाडी घसरली. गुडघा खरचटला. लंगडत वर्गात गेलो आणि सांगितलं, "बाइकु गा सुबेत्ते, ओचिमाशिता."

सेन्सेइ म्हणाल्या, "कुठून?"

"म्हणजे?"

"ओचिरु म्हणतोस, तर कुठल्या उंचीवरून खाली आलास? पुलावरून? की खड्ड्यात गेलास? खड्ड्यात गेला असशील तर तुझं वाक्य बरोबर आहे."

खड्ड्यात गेलो नव्हतो, त्या दिवशी तरी. मग कोरोबु. "आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "परीक्षेच्या तोंडावर हे दोन शब्द एका वाक्यात? ओचिरु म्हणजे नापास होणंसुद्धा. सुबेरु म्हणजे घसरणं, त्याचाही अर्थ तोच. परीक्षार्थीच्या समोर जपानी लोक हे दोन्ही शब्द टाळतात. आणि तू स्वतःच्याच तोंडाने." आजीला कळलं असतं तर तिने दृष्ट काढली असती. एन४ सुटली, हे सांगून टाकतो.

आजीचं नाव निघालंच आहे तर तिच्यावरचा अन्यायही कबूल करतो. एकदा वर्गात 'गेल्या रविवारी काय केलं' याचं उत्तर देताना मी आजीला दवाखान्यात घेऊन गेलो असं सांगितलं, 'मोत्ते इकिमाशिता' वापरून. वर्ग हसला. मोत्सु म्हणजे हातात धरणं. पिशवी, छत्री, डबा मोत्ते इकु. माणूस, कुत्रं, मांजर त्सुरेते इकु. मी आजीला पिशवीसारखी उचलून नेली होती. मराठीत डबाही घेऊन जातात आणि आजीलाही घेऊन जातात, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. 'आहे'चंही तेच: जिवंत असेल तर इरु, नसेल तर आरु. हौदात पोहणारा मासा इरु, बाजारात बर्फावर मांडलेला मासा आरु. झाडाला जीव असला तरी आरु, कारण ते स्वतःहून हलत नाही. हे नियम म्हणून पाठ करून येत नाही. मी रोज सकाळी बसच्या खिडकीतून दिसेल ते मनात म्हणत जायचो: कुत्रा इरु, टपरी आरु, पोलीस इरु, वडाचं झाड आरु. चाकण येईपर्यंत तासभर सहज मिळतो. वाहतुकीचा तेवढाच उपयोग.

पण सगळ्यात जास्त घाम काढला तो 'देणं'ने. मी दुसऱ्याला देतो ते आगेरु. दुसरा मला देतो ते कुरेरु. मराठीत दिलं म्हणजे दिलं. कोणी, कोणाला, ते विभक्ती सांगते. जपानीत क्रियापदच बोलणाऱ्याच्या दारात उभं असतं. मी सहज म्हणालो, सेन्सेइंनी मला पुस्तक दिलं, आणि वापरलं आगेरु. 'सेन्सेइ' आणि 'मला' या दोन्हींमागे विभक्ती बरोबर लागल्या होत्या, तरी वाक्य चूक. बाणाची दिशा उलटी.

नियम कळूनही तोंडातून आगेरुच निघायचं. उपाय पाठांतराने सापडला नाही, लिपीने सापडला. आगेरु मुळात वर उचलणं, ते 'वर' या चिन्हाने लिहितात. आणि कुरेरुचं आदराचं रूप कुदासारु, ते 'खाली' या चिन्हाने लिहितात. म्हणजे मी देतो तेव्हा समोरचा वर, वस्तू वर चढते. मला मिळतं तेव्हा मी खाली, वस्तू उतरून येते. देवापुढे नैवेद्य वर धरायचा आणि प्रसाद ओंजळ खाली धरून घ्यायचा, तसं. हे चित्र डोक्यात बसल्यावर चुका निम्म्याने कमी झाल्या. उरलेल्या निम्म्या अजून आहेत. शिवाय यातही एक पाचर आहे: साहेबांच्या हातातली जड पेटी बघून 'मोत्ते आगेमासु', म्हणजे मी धरून देतो, असं म्हणायचं नाही. त्यात उपकाराचा वास येतो. नुसतं 'मोचिमासु', धरतो, म्हणायचं आणि धरायचं. आपल्याकडे 'करून देतो' म्हणणं हा चांगुलपणा असतो. तिथे चांगुलपणा तोंडाने म्हटला की विटतो.

एन३चा अभ्यास चालू असताना वहीत एक उलटं पान तयार झालं. तोवर मी एका इंग्रजी शब्दाची सहा जपानी क्रियापदं वेगळी करत होतो. आता एकाच जपानी क्रियापदासमोर इंग्रजी शब्दांची रांग लागली होती. काकेरु: कुलूप, फोन, चष्मा, गाणं, गजर, पडदा, प्रत्येकाला इंग्रजीत वेगळं क्रियापद. पुस्तकाने बारा अर्थ क्रमांक घालून दिले होते. मी शिस्तीत पाचवा अर्थ पाठ करत होतो आणि बाहेरच्या खोलीतून आजीचा आवाज आला, "अरे, जरा रेडिओवर गाणी लाव."

मी पेन खाली ठेवलं. गाणी लाव. कुलूप लाव. फोन लाव. चष्मा लाव. गजर लाव. पडदे लाव. बारापैकी सहा अर्थ आजीच्या एका शब्दात. मग शेजारचं काकारु बघितलं. वेळ लागतो, पैसे लागतात, कुलूप लागतं, फोन लागत नाही: जिकान गा काकारु, ओकाने गा काकारु, कागि गा काकारु, देन्वा गा काकारानाइ. रोगसुद्धा काकारु, आपल्याकडे रोगाची लागण. लावणं आणि लागणं, काकेरु आणि काकारु. पुस्तकातली क्रमांकांची ती यादी मी पेन्सिलीने आडवी छेदली. सेन्सेइंना दाखवलं तर त्या जरा वेळ पानाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्षं शिकवतेय, हे मला सुचलं नव्हतं." क्लासच्या फीपेक्षा हे वाक्य मला महाग वाटतं. पुढच्या बॅचपासून त्या 'लावणं' फळ्यावर लिहितात असं ऐकलं.

एन३ २०२४च्या १ डिसेंबरला दिली. १८०पैकी ९५ लागतात, मला १०७ मिळाले. शब्दसंग्रहात एकच शब्द चार वाक्यांत घालून 'बरोबर वापरलेलं वाक्य ओळखा' असे प्रश्न असतात. तिथे इंग्रजी अर्थ आठवून काही होत नाही, चारही वाक्यं बरोबरच वाटतात.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी वर्गातले आम्ही सगळे भेळ खायला गेलो, गप्पांत उशीर झाला आणि फोनची बॅटरी उतरली. घरी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. आजी दारातच उभी.

"किती वेळ लागला रे! फोन लावतेय, लावतेय, लागेचना. केवढा घोर लावलास जिवाला!"

बूट काढता काढता मी मनात मोजत होतो. वेळ लागला, काकारु. फोन लावला, काकेरु. लागेना, काकारानाइ. आणि घोर लावणं? शिन्पाइ ओ काकेरु, दुसऱ्याच्या जिवाला काळजी लावणं, हेच क्रियापद. एका दमात आजीने चारही घेतले होते.

"हसतोस काय?" ती म्हणाली. "हातपाय धू. भात लावलाय."

त्याला मात्र ताकु.